दाढी वाढलेलं गाव

न्हाव्याला लिहायला सांगितलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता गावाच्या भानगडी ऐकायला मिळणार. या अंकाच्या संपादकांनाही तसंच वाटत असावं. गेल्या महिन्यात दाढी करून घेताना ते आरशातून माझ्याकडे बघत दोनदा म्हणाले, की सखारामभाऊ, तुमच्या पोटात पुष्कळ असेल. आहे खरं. पण ज्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवला त्याचं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी आयुष्यभर पाळला, म्हणून तर लोक माझ्यापुढे मान तिरपी करून निवांत बसतात. तेव्हा आज दुसऱ्या कुणाची नाही, माझीच गोष्ट सांगतो. त्यात गाव येणारच. त्याचं नाव मात्र सांगणार नाही. कर्जतहून पळसदरीकडे निघालं की डोंगराच्या पायथ्याला लागतं, एवढं पुरे. तिथल्या लोकांची नातवंडं आजही माझ्या दुकानात येतात, आणि मला अजून त्यांचे केस कापायचे आहेत.

आधी धंदा कसा चालायचा ते सांगतो, कारण आता तो तसा राहिला नाही. गावात आमचं न्हाव्याचं एकच घर. वर्षभर सगळ्या गावाचं डोकं-दाढी करायची आणि सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावरून भात न्यायचा, याला बलुतं म्हणत. घर गावाच्या जागेत, पाणी गावाच्या विहिरीवर. दर सोमवारी चावडीपुढच्या पिंपळाखाली मी गोणपाट अंथरायचो आणि धोकटी सोडायचो. धोकटी म्हणजे आमची चामड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, धार लावायचा पट्टा, पितळेची वाटी आणि एक आरसा. आरशाचा कोपरा फुटका होता, म्हणून गावातला प्रत्येक माणूस डाव्या कानाशिवाय स्वतःला बघत असे.

साबण आमच्याकडे नव्हता. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळत राहायचं, केस मऊ होईपर्यंत. नवशिका न्हावी इथं घाई करतो आणि मग रक्त काढतो. माझे वडील म्हणायचे, अर्धी दाढी पाण्यानं होते, वस्तरा नुसता मान घ्यायला येतो. एक म्हातारा मिशीची दोन्ही टोकं गवताच्या काडीनं मोजून घेत असे. एकदा मी गंमत म्हणून ती काडी जराशी मोडून ठेवली. पुढचे दोन आठवडे तो सगळ्यांना सांगत फिरला की उतारवयात आपली मिशी वाढायला लागली आहे, आणि तो इतका खूष होता की खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

शिवाय न्हाव्याला मान असे. पोर जन्माला आलं की त्याचं जावळ मी काढायचं, लग्नात मशाल धरून वरातीपुढे मी चालायचं, आणि कुणी गेलं तर दहाव्याच्या दिवशी नदीवर त्याच्या मुलाभावांचं क्षौर मी करायचं. मी नसलो तर यातलं काहीच होत नसे. हे मी फुशारकीनं सांगतोय असं वाटेल, आणि थोडी फुशारकी आहेच.

पण या मानाला दुसरी एक बाजू होती. आमच्या भागात माणसाला वाळीत टाकायची रीत जुनी. गावकी बसायची, कुणाची तरी चूक ठरायची, आणि मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही. हे ठरलं की पहिला निरोप न्हाव्याकडे यायचा. त्याचं कारण मला पुढे उमगलं. बोलणं बंद झालेलं परगावच्या माणसाला दिसत नाही, पण दाढी दिसते. महिनाभरात त्या माणसाचं तोंडच पंचक्रोशीला सांगायला लागतं की याला गावानं टाकलंय. म्हणजे शिक्षा गावकी सुनावणार आणि ती माणसाच्या तोंडावर लिहिणार न्हावी, तेही काही न करता. माझ्या वडिलांनी असा हात आवरला होता, मीही दोनदा आवरला होता. त्या दोघांतला एक जण तसाच वाढल्या दाढीनं मेला. तेव्हा मला काही वाटलं नाही. आपण कुठं काय केलंय, असंच वाटायचं. न करण्यात कसलं पाप?

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या काळातली ही गोष्ट आहे. आमच्याकडे होळीचं झाड गावातल्या पोरांनी रानातून चोरूनच आणायचं, मागून आणलेल्या झाडाला मान नाही. जंगलावरचा जुना गार्ड शहाणा होता. त्या दिवशी तो काहीतरी काम काढून कर्जतला मुक्कामाला जायचा. त्या वर्षी गार्ड नवा होता, आणि पोरांच्याही अंगात वारं शिरलेलं. शेजारच्या गावापेक्षा आपली होळी उंच दिसावी म्हणून त्यांनी नेहमीची सावर सोडून सरळसोट साग पाडला. दुसऱ्या दिवशी गार्डाला रानात बुंधा सापडला आणि जवळच लाकूडफाटा गोळा करणारा, डोंगरावरच्या कातकऱ्यांच्या वाडीतला लहान्या सापडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. गार्डानं त्याचे हात बांधले आणि त्याला घेऊन तो डोंगर उतरला.

पायवाट गोमाच्या शेतातून जात होती. गोमा पाटलांचाच भाऊबंद, लांबचा चुलतभाऊ. कमी बोलणारा, आपलं शेत भलं नि आपण भले अशा स्वभावाचा. तो तेव्हा भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजत होता. हात बांधलेला लहान्या बघून त्यानं विचारलं, काय झालं. गार्डानं सांगितलं. गोमा म्हणाला, "यानं नाय तोडला. आमच्या गावानं तोडला. काल होळीत जळला त्यो."

लहान्या सुटला. पण पाटलांच्या पुतण्यासकट गावातल्या सहा जणांना कर्जतच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. गावकी बसली. कातकऱ्यापायी यानं गाव विकलं, असं म्हणून गोमाला वाळीत टाकलं. संध्याकाळी निरोप माझ्या दारात आला आणि मी नेहमीसारखी मान डोलावली.

दोन महिन्यांत गोमाचं तोंड दाढीनं भरून गेलं. वाटेत दिसला की मी दुसरीकडे बघायचो. मग एका रविवारी भर दुपारी तो माझ्या घराच्या मागल्या अंगाला आला. त्याच्या मुलीला बघायला खालापूरकडून पाहुणे यायचे होते. त्यांनी हे तोंड पाहिलं असतं तर पाण्याला न थांबता उठून गेले असते. तो म्हणाला, "सखाराम, परवा पावणे येताय रं. मागल्या दारी कर. कुनाला नाय कळनार."

आता मी पुढे जे केलं त्यात फार उदात्त काही नव्हतं. त्याच दिवशी सकाळी पाटलांचा एक माणूस उगाच आठवण द्यायला येऊन गेला होता. गोमाला हात लावलास तर बोटं छाटू, असं तो माझ्या बायकोसमोर बोलला होता. मी घाबरलो असतो तर ठीक होतं, पण मला राग आला. ही बोटं काय गावाच्या मालकीची होती? आणि मागल्या दारी करायची म्हणजे ती दाढी नव्हे, चोरी झाली. मी गोमाला म्हणालो, "उद्या सोमवार हाय. पिंपळाखाली ये. सगळ्यांसंगं बस."

तो आला. मला वाटलं होतं येणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो आला नसता तर बरं, असंही वाटलं होतं. आठ-दहा जण ओळीनं बसले होते, तो ओळीच्या शेवटाला टेकला. त्याचा नंबर आला तसं मी त्याला पुढे बोलावलं. आधी कातरीनं दाढी उतरवली, मग पाणी लावून चोळू लागलो. चावडीच्या पायरीवर पाटील उभे होते. ते म्हणाले, "सख्या, वस्तरा खाली ठेव."

मी म्हणालो, "पाटील, पानी लावलंय. आता थांबलो तर सुकंल."

याहून शूर असं काही मला सुचलं नाही. पण हात थांबला नाही. गोमाची दाढी मी अशी केली की लग्नातल्या नवरदेवाची केली नसेल. मान वर केली तेव्हा गोणपाटाजवळ आम्ही दोघंच होतो. बाकीचे अर्ध्या दाढीनं नाही, पण अर्ध्या मनानं का होईना उठून गेले होते. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली, आणि गावकीनं मला वाळीत टाकलं.

बाहेर काढलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला विचारा. विस्तव मिळत नाही, पाणी मिळत नाही, हे तर आहेच. गोमाच्या शेतात त्याची विहीर होती, तिथून माझी बायको यमुना पाणी आणायची. मी पळसदरी स्टेशनाकडे जाऊन रेल्वेच्या गँगमनांच्या दाढ्या करायला लागलो. ती माणसं कुठल्याच गावकीची नव्हती. पोट कसंतरी भागत होतं. पण पोट भागलं की माणसाचं भागतं असं नाही. संक्रांतीला यमुना दिवसभर लुगडं बदलून बसली आणि तिला कुणी कुंकू लावायला बोलावलं नाही. त्याआधी, दिवाळीनंतर, गावात पहिलं लग्न लागलं. दिवस मावळताना वरात माझ्या दारावरून गेली. पुढे मशाल होती आणि ती पाटलांच्या गड्यानं धरली होती. त्याला ती धरता येत नव्हती, तेल सगळं मनगटावर ओघळत होतं. मी उंबऱ्यात उभा होतो. माझा हात आपोआप वर आला आणि मग मी तो डोक्यावरून फिरवून खाली घेतला. घरात येऊन मी रडलो. तेव्हा मला तो वाढल्या दाढीनं मेलेला माणूस पहिल्यांदा आठवला. त्याच्याही दारावरून मी मशाल घेऊन गेलो होतो.

यात गावानं एक मोठी चूक केली होती, तीही सांगितली पाहिजे. गोमाला टाकलं तेव्हा एकट्या गोमाची दाढी वाढली. मला टाकलं तेव्हा सगळ्या गावाची वाढायला लागली. आमच्या जातीत कडक नियम होता, की एका न्हाव्याच्या गावात दुसऱ्यानं वस्तरा उघडायचा नाही. पाटलांनी आजूबाजूच्या तीन गावांत माणसं धाडली. तिन्हीकडून नकार. खालापूरकडचा एक न्हावी तर यमुनेचा सख्खा भाऊ होता. तो म्हणाला, मी दाजींच्या गावात बसलो तर आमची पंचायत मलाच वाळीत टाकील. मग लोक कर्जतला चालत जायला लागले, किंवा पावसाळ्यात चिखल असला की एकमेकांवर वस्तरा चालवायला लागले. ज्याची दाढी व्हायची त्याच्या तोंडावर तुरटीचे पांढरे ठिपके दिसायचे. एकदा पाटील बांधावरून गेले, तर एका गालावर ओळीनं तीन कापल्याच्या खुणा. मला जे सुख झालं ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ती श्रावणातली. एक दिवस लहान्या लाकडाची मोळी घेऊन आला. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस, पण सगळे त्याला लहान्याच म्हणत. त्यानं मोळी अंगणाच्या कडेला टाकली आणि तिथंच उभा राहिला, कारण त्यापुढे यायची त्याला मुभा नव्हती. कातकऱ्यांचं डोकं-दाढी आम्ही कधी करत नसू. ते एकमेकांचे केस विळ्यानं उतरवत. तो म्हणाला, "न्हावीदादा, माझी बी दाढी कर की."

मी हसलो. तुमच्यात न्हावी कधीपासून लागायला लागला, असं काहीतरी बोललो आणि त्याला जा म्हणालो. तो रागावला नाही. वाईट वाटल्याचंही त्यानं दाखवलं नाही. मोळी तिथंच ठेवून तो गेला. नाही ऐकायची त्याला सवय होती.

यमुना ओसरीवर तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "तुमाला टाकून चार म्हयने नाय झालं तर घर डोक्यावर घेतलंय. त्याला कवा टाकलं, त्ये कुनाला आठवतंय का?"

मी तिच्यावर ओरडलो. पंचायत, बाप-आजे, रीत, सगळं काढलं. जेवलो नाही. तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. बायको खरं बोलली की पुरुषाला तेवढा वेळ लागतोच. त्या तीन दिवसांत मी पुष्कळ कारणं शोधली आणि प्रत्येक कारण मला पाटलांच्या आवाजात ऐकू यायला लागलं. मला गावाबाहेर काढलं म्हणून मी कुढत होतो, आणि एक माणूस माझ्या अंगणाबाहेर उभा होता तो मी उभा केला होता. त्याच्यासाठी गोमानं खरं सांगितलं, गोमासाठी मी वस्तरा उघडला, आणि ज्याच्यापासून हे सुरू झालं त्यालाच मी जा म्हणालो.

चौथ्या दिवशी धोकटी घेतली आणि डोंगर चढलो. वाडीतल्या बायका मला बघून आत गेल्या. लहान्या झोपडीपुढे जाळं विणत बसला होता. मी गोणपाट अंथरलं आणि त्याला ये म्हणालो. त्यानं आधी हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा हात धुतले. मी वाटीत पाणी घेतलं. पाणी लावलं. त्याचा गाल इतर कुणाचा भिजतो तसाच भिजला. वस्तरा टेकवला तसा तो ताठ झाला. एक गाल पूर्ण झाला आणि मी वस्तरा पुसायला थांबलो, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "दादा, आता दम घिऊ का?"

बिचाऱ्यानं तोवर श्वास रोखून धरला होता. मला वाटतं मीही धरला होता. मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्याला आरसा दिला. त्यानं किती वेळ तोंड पाहिलं ते मी सांगत बसत नाही.

त्यानंतर मी दर पंधरवड्याला वाडीवर जात राहिलो. गावाला कळायला वेळ लागला नाही. सख्या आता कातकऱ्यांचा न्हावी झाला, असं लोक माझ्या पाठीमागे आणि मग तोंडावर बोलायला लागले. मी म्हणायचो, हो, झालो.

वाळीत पडल्याला वर्ष होत आलं, तेव्हा थोरले पाटील गेले. पाटलांचे वडील. त्यांची दाढी मी लहानपणापासून वडिलांशेजारी बसून पाहिलेली आणि पुढे स्वतः केलेली. मला वाईट वाटलं, पण मयताला जायची सोय नव्हती. नऊ दिवस गेले. दहाव्याला नदीवर क्षौर झाल्याशिवाय सुतक फिटत नाही, आणि ते न्हाव्याशिवाय होत नाही. इतर गावांचे न्हावी आधीच नाही म्हणून बसले होते. नवव्या दिवशी गडी आला, त्याला मी परत पाठवलं. मग पाटील स्वतः आले. बोडके, दाढी वाढलेले, माझ्या अंगणात उभे राहिले. ते म्हणाले, "सखाराम, उद्या दहावा हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पूर्ण नावानं हाक मारली होती.

मी म्हणालो, "येतो. पन भाऊबंद समदे बसायला पायजेत. गोमा बी. एक जरी कमी दिसला तर मी वस्तरा उघडनार नाय."

पाटील माझ्या अंगणातून सरळ गोमाच्या शेताकडे चालत गेले.

सकाळी नदीवर अकरा जण बसले होते. पाटील पहिले, आणि गोमा वयाच्या मानानं चौथा. मी अकराही डोकी केली. एकाही जागी रक्त आलं नाही, हेही सांगतो. आंघोळी झाल्या, पिंड ठेवला, आणि कावळा लगेच शिवला. म्हाताऱ्याचं मन कशात अडकलं नाही म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात पाटील सगळ्यांसमोर म्हणाले, की झालं गेलं गंगेला मिळालं, गोमा आणि सखाराम आजपासून गावात. उद्या यमुना गावच्या विहिरीवर जाईल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. ती कुठलं लुगडं नेसेल तेही मी ठरवून टाकलं.

मग पाटील पुढे म्हणाले, "फकस्त त्ये वाडीवर जानं बंद कर. त्याला वस्तरा लावनार आन् आमाला बी लावनार, त्ये चालनार नाय."

ते आवाज चढवून बोलले नाहीत. समजुतीच्या सुरात बोलले, आणि त्यांच्या मते ते फार थोडं मागत होते. मी गोमाकडे पाहिलं. ज्यानं गार्डाला तोंडावर खरं सांगितलं होतं, ज्याच्यासाठी मी वर्ष काढलं होतं, ज्याला मी आत्ताच भाऊबंदांच्या ओळीत आणून बसवलं होतं, तो गोमा. तो बोलेल असं मला वाटलं. तो ओलं धोतर पिळत होता. पिळून पाणी निथळलं तरी तो पिळतच राहिला. त्यानं वर पाहिलं नाही.

त्याला मी आज दोष देत नाही. वर्षभर बाहेर राहून तो आत्ताच कुठं आत आला होता, आणि आत आलेल्या माणसाला पुन्हा बाहेर पडायची भीती जास्त असते. पण त्या वेळी मला फार लागलं. गावकीनं टाकलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं लागलं.

मी वस्तरा पट्ट्यावर पुसला, मिटला आणि म्हणालो, "पाटील, आत्ता अकरा जनांची केली ती त्याच वस्तऱ्यानं केली. माझ्याकडं दुसरा नाय."

अकराही जणांचे हात आपापल्या डोक्याकडे गेले. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"आन् वाडीवर जानं मी बंद करनार नाय. मला हाय तसाच वाळीत ऱ्हाऊ द्या."

धोकटी बांधली आणि घरी आलो. मला वाटलं यमुना रडेल. विहीर तिच्या हाताशी आलेली मी घालवली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की कर्जतला भाड्यानं खोली मिळेल का. पुढच्या पंधरवड्यात आम्ही गाव सोडलं. पिढ्यान् पिढ्यांचं बलुतं, गावातला मान, मशाल, सगळं तिथंच राहिलं. ते सोडताना काही वाटलं नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. अजूनही वरात दिसली की मशाल कोण धरतोय ते मी आधी बघतो.

कर्जतच्या बाजारात एका कापडवाल्याच्या पडवीला मी दुकान घातलं. एक लाकडी खुर्ची, एक बाकडं, आणि या वेळी अख्खा आरसा. नियम एकच, जो आधी आला तो आधी बसेल. बाजारच्या दिवशी लहान्या मोळी विकायला यायचा आणि खुर्चीत बसायचा. त्याला खुर्चीत बघून काही गिऱ्हाईकं वळून गेली ती कायमची गेली. माझ्या जातीतले लोक समजवायला आले, की निदान त्यांच्यासाठी वस्तरा वेगळा ठेव. मी नाही ठेवला. पहिली दोन वर्षं आम्ही कण्या खाऊन काढली. मग हळूहळू स्टेशनातले, कोर्टातले, शाळेतले लोक यायला लागले. मी हात चांगला चालवतो, आणि चांगली दाढी बघितली की माणसाचा विटाळ बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी गोमा दुकानात आला. मधल्या काळात आम्ही भेटलो नव्हतो. तो थकला होता. बाजारचा दिवस होता आणि खुर्चीत लहान्या बसला होता, अर्धा गाल झालेला. गोमा दारातच थांबला. आत आला नाही आणि गेलाही नाही. शेवटी तो म्हणाला, "सखाराम, त्या दिशी नदीवर मी बोलाया पायजे होतं रं."

मी म्हणालो, "व्हय. पायजे होतं."

काही नाही रे, झालं ते झालं, असं म्हणणं मला सोपं होतं. तो तेच ऐकायला थांबला होता. पण ते खरं नव्हतं, आणि ज्या माणसानं एकदा खरं सांगून माझं आयुष्य फिरवलं, त्याला मी खोटं कशाला सांगू? लहान्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी त्याच्या गालाला पुन्हा पाणी लावलं, कारण ते सुकत आलं होतं.

"बस," मी गोमाला म्हणालो. "लहान्याचं झालं की तुझा नंबर."

बाकड्यावर दोघं-तिघं होते, त्यांनी सरकून जागा केली. गोमानं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग वहाणा काढल्या आणि तो आत येऊन बसला.